पैठणीतला पॉलिमर

येवल्याच्या पैठणीला लागणारे रेशीम मोठ्या प्रमाणात बंगळुरूहून येते. म्हणून तिथे पॉलिमर रसायनशास्त्र शिकायला लागलेल्या मराठी मुलामुलींनी पन्नासेक किलोमीटरवरच्या रामनगरचा कोषबाजार एकदा पाहावा, असे मला मनापासून वाटते. या विषयातल्या तीन मोठ्या गैरसमजांपैकी दोन, पहिला आणि शेवटचा, दूर करायला रेशमाचा धागाच उपयोगी पडतो.

गैरसमज : पॉलिमर म्हणजे प्लॅस्टिक.

वस्तुस्थिती : छोटे रेणू रासायनिक बंधांनी एकापुढे एक जोडले गेले की जी लांब साखळी बनते, ती पॉलिमर. रेशमातले फायब्रॉइन, त्यावरचा सेरिसिन नावाचा डिंक, कापसातले सेल्युलोज, बटाट्यातला स्टार्च ही सारी पॉलिमरच आहेत. माणूस ती हजारो वर्षे नेसतो आणि खातो आहे. हे पदार्थ म्हणजे छोट्या रेणूंचे नुसते घोळके, असे मात्र बहुतेक रसायनशास्त्रज्ञ समजत होते. 1920 साली हेरमान श्टाउडिंगर यांनी साखळीची कल्पना मांडली आणि बराच विरोध सोसला. त्यांना नोबेल मिळाले ते 1953 साली.

गैरसमज : थंडीत सगळेच प्लॅस्टिक कडक होते.

वस्तुस्थिती : दुधाची पिशवी फ्रीजमध्येही मऊ राहते. पॉलिथिनच्या साखळ्यांची हालचाल गोठते ती शून्याच्या बरीच खाली. पॉलिस्टायरिनची मात्र सुमारे 100 अंश सेल्सिअसलाच गोठते, म्हणून त्याचा पारदर्शक पेला घरातल्या तापमानालाही तडकतो.

गैरसमज : पाण्याचा रेणुभार 18, तसा पॉलिथिनचाही एक ठरलेला आकडा असणार.

वस्तुस्थिती : विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतात ते इथे. एकाच पिशवीत आखूड-लांब अशा असंख्य साखळ्या असतात, त्यामुळे सांगता येते ती सरासरी, आणि तीही दोन प्रकारची. समजा, 100, 100 आणि 400 दुव्यांच्या तीन साखळ्या आहेत. साधी सरासरी 200 येते. पण प्रत्येक साखळीला तिच्या वजनाइतके महत्त्व दिले, तर 300. या दोहोंचे गुणोत्तर 1.5, लांबीतली तफावत जितकी मोठी, तितके तेही मोठे. हा आकडा पाठ करू नका, त्याचा अर्थ लावा. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पदार्थ चिवट होतो, म्हणून साधी सरासरी तीच असलेले दोन नमुनेही वेगळे वागू शकतात.

रेशीमकिड्याची अळी मात्र जनुकातल्या आराखड्याबरहुकूम साखळी विणते. तिच्या फायब्रॉइनच्या मुख्य साखळीत 5,263 अमिनो आम्ले असतात, असे 2000 साली छापून आले.