प्लग नवा, तरी गाडी मिसिंग का मारते?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी मोटारसायकलच्या प्लगविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याने हा उद्योग कशाला करावा, असे कोणी विचारील. पण उसाची नोंद द्यायची, खताची गोणी आणायची, रात्रीच्या पाळीला मोटार चालू करायला जायचे, ही सारी कामे आज दुचाकीवर होतात. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून तर आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा दुचाकीचाच जिल्हा झाला आहे. ज्या वस्तीवर पूर्वी बैलगाडी उभी असायची, तिथे आज गाडी उभी असते. बैल लंगडला तर काय पाहायचे हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. गाडी लंगडली तर काय पाहायचे, हे आपल्यालाही ठाऊक हवे.

लिहिण्याचे निमित्त एका सभासदाच्या गाडीचे आहे. त्यात आमचीही चूक झाली, ती लपवीत नाही.

अण्णांची गाडी

पूर्वहंगामी लागणीचे दिवस होते. पैठण तालुक्यातील एक वयस्कर सभासद गट ऑफिसला आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आल्या आल्या म्हणाले, "साहेब, तुमच्या इथेनॉलनं आमची गाडी खाल्ली. लई मिसिंग मारायली."

आम्ही विचारले, "कधीपासून, अण्णा?"

"पोरानं बाजारच्या दिवशी प्लग बदलला. तवापासून. जागेवर बरी चालती, पण कालव्याच्या भरावावर चढताना गचके खाती अन् फाट फाट करती."

गाडी जुनी, कार्बोरेटरची. आम्ही प्लग काढून पाहिला. नवा प्लग आठ दिवसांत काळा आणि ओला झालेला. आम्ही मोठ्या जाणतेपणाने सांगितले, "हा प्लग शॉर्ट झाला. दुसरा टाका." अण्णांनी दुसरा टाकला. गाडी होती तशीच. मग ते गाडी एका मिस्त्रीकडे घेऊन गेले. त्याने काळा प्लग पाहून बोअर-पिस्टनचे काम सांगितले आणि काही हजारांचा आकडा दिला. अण्णांजवळ तेवढे पैसे होते, पण ते लागणीच्या बेसल डोससाठी राखून ठेवलेले होते. ते इंजिनात घातले असते तर ऊस उपाशी राहिला असता, आणि पुढे वर्षभर त्याचे दुखणे निस्तरावे लागले असते.

त्याच दिवशी सायंकाळी लागणीची सरी पाहण्यासाठी आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो होतो. निघताना अंधार पडला. अण्णांच्या मुलाने गाडी चालू करून रेस केली, तेव्हा टाकीखाली निळी ठिणगी लखलखताना दिसली. प्लगच्या कॅपच्या तोंडातून निघून ती इंजिनाच्या पाकळ्यांवर पडत होती. दिवसा डोळ्यांना न दिसणारी गोष्ट अंधाराने दाखवली.

गाडी बंद करून, थंड होऊ देऊन कॅप काढली. आतली तार निम्मी बाहेर आलेली, टोक जळून काळे झालेले आणि कॅपचे रबर तडकलेले. मुलाला विचारले, "प्लग काढताना कॅप कशी ओढली?" तो म्हणाला, "वायरला धरून." दुखणे तिथे होते. वायरीचे जळालेले टोक पाव इंच कापले, नवी कॅप आणून ती वायरीवर फिरवून घट्ट बसवली, प्लग स्वच्छ पुसून लावला. गाडी भरावावर सरळ चढली. खर्च झाला एका कॅपचा. आमच्या सल्ल्याने आणलेला दुसरा प्लग मात्र फुकट गेला. त्याबद्दल आम्ही अण्णांची माफी मागितली.

ठिणगी कुठे गळते?

पेट्रोल इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटवण्याचे काम प्लग करतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा मिश्रण पेटावे लागते. म्हणजे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर मिनिटाला १,५०० वेळा, सेकंदाला २५ वेळा. त्यातल्या काही वेळा पेटले नाही की गाडी गचका खाते. यालाच आपण मिसिंग म्हणतो. न पेटलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटले की फाट असा आवाज येतो.

या ठिणगीसाठी कॉइल हजारो व्होल्टचा दाब तयार करते. तो वायरीतून कॅपमध्ये आणि कॅपमधून प्लगमध्ये जातो. करंटचा स्वभाव पाटाच्या पाण्यासारखा आहे. बांधाला खेकड्याचे बीळ असेल तर पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचत नाही, बिळातून निघून जाते. कॅप सैल, वायर तडकलेली किंवा प्लगची चिनीमाती चिरलेली असेल तर करंटही तिथूनच पळतो.

गाडी जागेवर बरी आणि चढावर वाईट का, याचे उत्तरही यातच आहे. ओझे पडल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो. दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात. मग करंटला आतल्यापेक्षा बाहेरची वाट सोपी वाटते. म्हणूनच प्लग बाहेर काढून ठिणगी पाहिली आणि ती पडली, तर तेवढ्याने प्लग किंवा कॅप चांगली आहे असे ठरत नाही. मोकळ्या हवेत पडणारी ठिणगी दाबाखाली पडेलच असे नाही.

आमची चूक आणखी एक होती. काळा, ओला प्लग पाहून आम्ही प्लगला दोष दिला आणि मिस्त्रीने पिस्टनला. वास्तविक ठिणगी पडत नव्हती म्हणून पेट्रोल जळत नव्हते, आणि ते जळत नव्हते म्हणून प्लग काळा पडत होता. काळेपणा हा परिणाम होता. आम्ही त्यालाच कारण समजलो.

प्लग बदलल्यावर मिसिंग आले तर क्रमाने काय पाहावे?

मुख्य नियम एकच. गाडी आधी बरी होती आणि प्लग बदलल्यावर बिघडली, तर जिथे हात लागला तिथेच आधी पाहावे. इंजिन थंड असताना पुढील क्रमाने तपासणी करावी.

१) कॅप. ती शेवटपर्यंत बसली का? बसताना बहुधा टक् असे जाणवते. वायरीवर ती घट्ट फिरवलेली आहे का? काढताना नेहमी कॅपला धरावे, वायरीला कधीही ओढू नये.

२) प्लगच्या डोक्यावरील छोटा नट. काही प्लगांवर हा नट येतो. बऱ्याच मोटारसायकलींची कॅप नुसत्या आट्यांवर बसते, तिथे नट काढावा लागतो. काही गाड्यांना तो लागतो, तिथे तो घट्ट असावा. जुन्या प्लगवर जसे होते तसेच ठेवावे.

३) जुना प्लग. गाडी बरी चालत असताना काढलेला जुना प्लग फेकू नये. तो पुन्हा लावून पाहावा. मिसिंग गेले तर दोष नव्या प्लगमध्ये. तसेच राहिले तर दोष प्लगच्या बाहेर. अण्णांच्या मुलाने जुना प्लग बांधावर भिरकावला नसता, तर दुसऱ्या प्लगचे पैसे वाचले असते.

४) प्लगचा नंबर. आट्यांची जाडी सारखी म्हणून प्लग सारखा असे नाही. आटे आखूड असले तर ठिणगी खोबणीत पडते. लांब असले तर पिस्टन येऊन आदळू शकतो. शिवाय गरम प्लग आणि थंड प्लग असे प्रकार असतात. एनजीकेच्या प्लगमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, तर बॉशच्या प्लगमध्ये आकडा मोठा तितका प्लग गरम. म्हणून आकड्याला आकडा जुळवून कंपनी बदलू नये. गाडीच्या पुस्तकात दिलेला नंबरच मागावा. आपल्याकडे जुनी माणसे अजून दुकानात 'मायको प्लग' मागतात. १९५१ साली बंगळुरूला निघालेली ती मायको कंपनी २००८ पासून बॉश या नावाने चालते.

५) गॅप. पुष्कळ मोटारसायकलींना ०.६ ते ०.८ मिलिमीटरच्या दरम्यान गॅप लागतो. नेमका आकडा पुस्तकात पाहावा आणि फिलर गेजने मोजावा. नवा प्लग हातातून पडला तरी गॅप बिघडतो, चिनीमाती चिरते. पाना तिरका लागला तरी तेच होते.

६) कसणे. प्लग आधी हातानेच बसवावा, म्हणजे आटे जात नाहीत. नव्या प्लगचा वायसर टेकल्यानंतर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. जुना प्लग परत लावताना त्याहून बराच कमी. सैल प्लगमधून दाब गळतो, फार कसला तर हेडचे आटे जातात. प्लग काढण्यापूर्वी भोवतालची माती फुंकून घ्यावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते.

७) अंधारातली पाहणी. वरील सर्व ठीक असेल तर रात्री मोकळ्या जागी गाडी चालू करून कॅप आणि वायर लांबून पाहावी. निळी ठिणगी बाहेर दिसली तर गळती सापडली. त्या वेळी वायरीला हात लावू नये. जवळ पेट्रोल सांडलेले नसावे.

दोन प्लगच्या गाडीत एक प्लग निकामी झाला तरी गाडी कशीबशी चालते, म्हणून दोन्ही कॅप पाहाव्यात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले आहे. अशा गाडीला रेझिस्टर असलेला प्लग सांगितला असेल तर तोच लावावा. साधा लावल्यास आतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत गडबड होऊ शकते. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते.

एवढे पाहूनही मिसिंग राहिले, तरच एअर फिल्टर, कार्बोरेटर, कॉइल आणि शेवटी रिंग-पिस्टन. बोअरचे काम सांगितले गेले तर आधी कॉम्प्रेशन मोजून मागावे. फवारणीच्या पेट्रोल पंपालाही हाच क्रम लागू आहे. तिथे ऑइलचे प्रमाण जास्त झाले तरी प्लग काळा पडतो. डिझेल इंजिनाला मात्र ठिणगीचा प्लग नसतोच. तिथे नोझल, पंप आणि डिझेलमधील हवा पाहावी लागते.

इथेनॉलचे काय?

अण्णांचा आरोप टाळून चालणार नाही. पेट्रोलमधील इथेनॉल आपल्या उसातूनही निघते, तेव्हा खरे-खोटे सांगणे आमचे कर्तव्य आहे. २००१ साली देशात जे पहिले प्रयोग झाले त्यांत आपल्या महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ साली देशाने दहा टक्के आणि २०२५ साली वीस टक्क्यांचा टप्पा गाठला.

इथेनॉल पाणी ओढून घेते, हे खरे. टाकीत पाणी गेले तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसते आणि गाडी गचके खाते. विशेषतः पावसाळ्यात झाकणाचे रबर खराब असेल तर किंवा गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर. जुन्या गाड्यांतील काही रबरी भागांना वीस टक्के मिश्रण मानवत नाही आणि ॲव्हरेज थोडे घटते, हेही खरे. पण इंधनात पाणी असेल तर गाडी प्लग बदलण्याच्या आधीही बिघडलेली असती. अण्णांची गाडी त्या दिवसापर्यंत ठणठणीत होती. शंका वाटली तर काचेच्या बाटलीत थोडे पेट्रोल काढून सावलीत, विस्तवापासून दूर ठेवून पाहावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून घ्यावी.

उसालाही हाच नियम

आपल्या चुनखडीच्या जमिनीत ऊस पिवळा पडला की कित्येक सभासद युरिया टाकतात. पिवळेपणा गेला नाही की आणखी टाकतात. केवडा असतो लोहाच्या कमतरतेचा. तिथे हिराकस हवा असतो. काळा प्लग पाहून प्लग बदलणे आणि पिवळे पान पाहून युरिया टाकणे, या दोन्हीत चूक एकच. दिसते त्यालाच आपण दुखणे समजतो. शेवटचे काय केले, कुठे केले, आणि त्यानंतर काय बदलले, हे आधी विचारावे. खर्च त्यानंतर करावा.

अण्णांचे पैसे ठरल्याप्रमाणे बेसल डोसला लागले. प्लॉटची उगवण चांगली झाली. परवा ते गट ऑफिसला आले तेव्हा गाडी दारात उभी करून म्हणाले, "साहेब, पोरगं आता वायरला हात लावत नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "पण त्या दुसऱ्या प्लगचं काय?" तो प्लग त्यांनी कागदात गुंडाळून सीटखाली ठेवला आहे. कधीतरी तोही कामाला येईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी