अंगणातील चूल

अंगणातील चूल म्हणजे घराबाहेर, अंगणात, परसात किंवा ओसरीलगत मांडलेली आणि नियमित स्वयंपाकासाठी वापरली जाणारी चूल होय. मातीची चूल, लोखंडी शेगडी, कोळशावरची जाळी, तंदूर आणि गॅसवर चालणारी भाजणी-शेगडी हे तिचे प्रमुख प्रकार आहेत. मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्यातील देगलूर व मुखेड किंवा लातूर जिल्ह्यातील उदगीर यांसारख्या तालुक्यांत, स्वयंपाकघरात गॅस आलेल्या घरांच्या अंगणातही चूल दिसते. ज्वारीच्या भाकरी, अंघोळीचे पाणी, वांग्याचे भरीत, सणावाराचा मोठा स्वयंपाक अशा कामांसाठी ती पेटवली जाते.

अशी चूल नव्याने मांडताना किंवा विकत घेताना तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो: रोज शिजणारा पदार्थ, सहज मिळणारे इंधन आणि चुलीपुढे बसणाऱ्या व्यक्तीचे आरोग्य. यांपैकी एकीचाच विचार करून निवडलेली चूल बहुधा काही महिन्यांत अडगळीत जाते. भारतातील सुधारित चुलींच्या इतिहासात याचा अनुभव वारंवार आला आहे.

नाव व भाषेतील स्थान

मराठीत 'चूल' हा शब्द कुटुंबाचा पर्याय म्हणूनही वापरला जातो. भाऊ वेगळे राहू लागले की 'चुली वेगळ्या झाल्या' असे म्हणतात. घरातील सर्वांना दिलेल्या जेवणाच्या आमंत्रणास 'चूलबंद आवतण' म्हणतात. त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. 'चूल आणि मूल' हा शब्दप्रयोग स्त्रीच्या कामाची सीमा दाखवण्यासाठी रूढ झाला. चुलीच्या धुराचा त्रासही मुख्यतः स्त्रिया आणि त्यांच्याजवळ असणारी लहान मुले यांनाच होत आला आहे.

रचना व कार्य

पारंपरिक मातीच्या चुलीला तीन बाजूंनी भिंत आणि पुढे तोंड असते. भिंतीच्या माथ्यावरील तीन उंचवट्यांवर भांडे टेकते. उंचवट्यांमधील फटींतून ज्वाळा व धूर बाहेर पडतो. काही चुलींना मागे किंवा बाजूला दुसरे तोंड असते, त्याला वैल म्हणतात. मुख्य भांड्याखालून निसटलेल्या उष्णतेवर वैलावर डाळ शिजते किंवा पाणी तापते.

धूर म्हणजे अर्धवट जळालेले इंधन. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात. पुरेशी हवा आणि पुरेसे तापमान असेल तर हे वायू ज्वाळेत जळून जातात, नाहीतर धूर व काजळीच्या रूपाने निसटतात. ओले सरपण धुमसते याचे कारण हेच: बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान वाढत नाही. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे अर्धे पाणी असू शकते. चांगल्या वाळलेल्या लाकडात ते वीस टक्क्यांच्या खाली येते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी सरपण छपराखाली रचून ठेवणे ही धूर कमी करण्याची सर्वांत स्वस्त पद्धत ठरते.

तीन दगडांच्या उघड्या चुलीत इंधनातील उष्णतेपैकी साधारण १० ते १५ टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते. बाकीची उष्णता हवेत, जमिनीत व चुलीच्या भिंतींत जाते. चुलीतील सुधारणांचे उद्दिष्ट दुहेरी असते: इंधन पूर्ण जाळणे आणि निर्माण झालेली उष्णता भांड्याला देणे.

इंधन

नांदेड व लातूर भागात शेतातून मिळणारे जळण महत्त्वाचे आहे. तुराट्या, म्हणजे तुरीची वाळलेली खोडे, लगेच पेटतात व मोठा जाळ देतात, पण लवकर संपतात. कापसाच्या पऱ्हाट्या थोड्या अधिक टिकतात. सोयाबीनचे भुसकट क्षणात भडकून विझते. साध्या चुलीत त्याचा जाळ सांभाळणे कठीण असते. बाभळीचे जड लाकूड उशिरा पेटते, परंतु त्याचे निखारे दीर्घकाळ टिकतात. वेडी बाभूळ पडीक जमिनीवर सर्वत्र वाढते आणि तिचा कोळसाही केला जातो. गोवऱ्या सावकाश धुमसतात. दूध तापवणे, पाणी गरम ठेवणे आणि आगटीत ज्वारीची कोवळी कणसे भाजून हुरडा करणे यांसाठी त्या सोयीच्या असतात, मात्र त्यांचा धूर जास्त असतो.

लाकडी कोळसा जवळजवळ धुराविना जळतो आणि वजनाच्या मानाने लाकडापेक्षा बरीच अधिक उष्णता देतो. परंतु पारंपरिक भट्टीत एक किलो कोळशासाठी साधारण चार ते सहा किलो लाकूड लागते. पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कांडीकोळसा तयार करण्याची पद्धत विकसित केली. या कामासाठी संस्थेला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला.

प्रकार

मातीची चूल: माती, शेण व भुसा यांच्या मिश्रणातून घरीच तयार होते. खर्च नगण्य असतो आणि दुरुस्ती घरच्या घरी होते. पावसापासून संरक्षण मात्र आवश्यक असते.

निर्धूर चूल: हिला धुराडे असते. 'आरती'ने प्रसारित केलेली लक्ष्मी चूल ही दोन भांड्यांची, साच्यातून घडवता येणारी चूल या प्रकारात मोडते. अंगणातील छपराखाली किंवा तीन बाजूंनी बंद असलेल्या पडवीत ती उपयुक्त ठरते. पूर्ण उघड्या जागी धुराड्याचा लाभ तुलनेने कमी असतो.

रॉकेट चूल: अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील अप्रोवेचो संशोधन केंद्रात लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी या चुलीची तत्त्वे मांडली. काटकोनात वळलेल्या, उष्णतारोधक नळीत इंधन टोकाकडून जळत जाते आणि वायू भांड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी बऱ्याच अंशी जळून जातात. बारीक काटक्या तिला योग्य असतात. बाजारातील अनेक सुटसुटीत धातूच्या चुली याच तत्त्वावर आहेत.

पंख्याची चूल: लहान विद्युत पंखा ज्वलनकक्षात हवा सोडतो. धूर सर्वांत कमी, परंतु वीज किंवा बॅटरी आणि ठरावीक आकाराचे इंधन लागते.

कोळशाची शेगडी व जाळी: लोखंडी शेगडीवर जाळी ठेवून वांगी, मक्याची कणसे, पापड, मासे व मांस भाजता येते. झाकण असलेली गोल कोळशाची शेगडी १९५२ साली अमेरिकेत जॉर्ज स्टीफन यांनी तयार केली. झाकण व हवेची भोके यांमुळे आच कमी-अधिक करता येते आणि मोठा तुकडा आतपर्यंत शिजतो. 'बार्बेक्यू' या नावाने भारतीय शहरांत विकली जाणारी अनेक साधने या घडणीची आहेत.

तंदूर: जाड मातीच्या भिंती बराच वेळ उष्णता धरतात. रोट्या मोठ्या संख्येने करायच्या असतील तर तो किफायतशीर ठरतो. चार-पाच माणसांच्या रोजच्या स्वयंपाकासाठी तो तापवणे इंधनाचा अपव्यय असतो.

गॅसची भाजणी-शेगडी: लगेच पेटते, आच नेमकी राखता येते आणि धूर मुख्यतः खाली गळणाऱ्या तेलाचाच असतो. सिलिंडरचा नियमित खर्च ही तिची मर्यादा होय.

सुधारित चुलींचा इतिहास

चुलीतील सुधारणा विसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाल्या. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कार्यातून 'मगन चूल' पुढे आली. याच सुमारास हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी एकाच जाळावर अनेक भांडी ठेवता येतील अशी धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ साली निर्धूर स्वयंपाकघरांविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. देगलूरसह संपूर्ण मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला.

१९८०च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. तथापि त्यांतील अनेक चुली फार काळ वापरात राहिल्या नाहीत. भांडी व चुलीचे तोंड यांचे माप न जुळणे, धुराडे तुंबणे आणि दुरुस्ती करणारे कोणी नसणे ही त्यामागची नेहमीची कारणे होती. रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातील सुधारित चुलींचा अनेक वर्षे अभ्यास केला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्यांच्या शरीरात जाणारा धूर कमी झालेला दिसला, पण पुढे वापर व देखभाल घटत गेल्याने हा लाभ टिकला नाही. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला.

इंधनाचा प्रश्नही असाच निर्णायक ठरतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने तयार झालेली 'ऊर्जा' ही पंख्याची चूल शेतातील काडीकचऱ्यापासून केलेल्या गोळ्यांवर चाले आणि धूर फार कमी करी. मात्र विकतच्या गोळ्यांवर अवलंबून असल्याने, त्यांचा भाव व पुरवठा यांवरच चुलीचे भवितव्य ठरले.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि ग्रामीण भागात गॅसजोडण्या वेगाने वाढल्या. पुष्कळ घरांत त्यानंतरही चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी-पाणी चुलीवर अशी विभागणी आढळते.

निवडीचे निकष

पदार्थ: भाकरीसाठी तव्याच्या संपूर्ण तळाला सारखी आच आणि चुलीच्या तोंडाशी निखारे लागतात. भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकल्यावर निखाऱ्यांसमोर उभी धरून फुगवली जाते. अरुंद तोंडाच्या रॉकेट चुलीत जाळ मध्यभागी एकवटतो, त्यामुळे भाकरी मध्ये करपते व कडेला कच्ची राहते; शिवाय ओढायला निखारे नसतात. ज्या घरात रोज भाकरी होते तेथे रुंद तोंडाची मातीची किंवा दोन भांड्यांची चूल अधिक उपयोगी पडते. पाणी तापवणे व डाळ शिजवणे यांसाठी रॉकेट चूल इंधन वाचवते. भाजण्याचे पदार्थ वारंवार होत असतील तर कोळशाची शेगडी व जाळी सोयीची असते.

इंधन: जे जळण वर्षभर घरच्या शेतातून किंवा गावातून मिळते त्यावर चालणारी चूल निवडावी. तुराट्या असलेल्या घराने कोळशाची शेगडी मुख्य चूल म्हणून घेतल्यास फुकटचे इंधन पडून राहते आणि विकतचे आणावे लागते.

भांडी व माणसे: घरातील सर्वांत मोठा तवा आणि रोजचे पातेले चुलीवर ठेवून पाहावे. दहा-बारा माणसांचे पातेले लहान धातूच्या चुलीवर कलंडण्याचा धोका असतो.

मानक: सुटसुटीत चुलींसाठी भारतीय मानक ब्युरोचे 'आयएस १३१५२ (भाग १) : २०१३' हे मानक आहे. त्यानुसार सहज हवेवर जळणाऱ्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. कार्बन मोनॉक्साइड व सूक्ष्म कणांवरही मर्यादा आहेत. विकत घेताना वेष्टनावर या मानकाचा उल्लेख पाहावा.

दुरुस्ती: जाळी, शेगडीचा तळ आणि ज्वलनकक्ष हे भाग प्रथम झिजतात. ते तालुक्याच्या बाजारात मिळतात का, किंवा गावातील लोहाराला करता येतात का, हे खरेदीपूर्वीच विचारून घेणे हिताचे असते.

आरोग्य व सुरक्षितता

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती वायुप्रदूषणामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. श्वसनमार्गाचे दीर्घकालीन विकार, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग आणि बालकांमधील न्यूमोनिया ही त्यांची प्रमुख कारणे होत.

चूल बाहेर मांडल्याने धूर घरात कोंडत नाही आणि इतरांचा त्रास कमी होतो. मात्र चुलीपुढे वाकून फुंकणी फुंकणाऱ्या व्यक्तीचा चेहरा जाळापासून हात-दीड हातावरच असतो, त्यामुळे तिचे संरक्षण उघडी हवा पूर्णपणे करू शकत नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि दम्याचे रुग्ण असलेल्या घरांत रोजचा मुख्य स्वयंपाक गॅसवर करून चूल मोजक्या पदार्थांपुरती ठेवणे अधिक सुरक्षित असते.

कोळशाच्या निखाऱ्यांपासून धूर निघत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग व वास नसतो. थंडीत ऊब मिळावी म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपल्यास मृत्यू ओढवू शकतो. कोळशाची शेगडी पूर्ण विझेपर्यंत बाहेरच ठेवावी.

मांडणी व देखभाल

चुलीची जागा कडब्याच्या गंजीपासून, गोठ्यापासून आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून दूर असावी. वारा स्वयंपाक करणाऱ्याच्या एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाईल अशा रीतीने चुलीचे तोंड ठेवल्यास धूर चेहऱ्यावर येत नाही. उन्हाळ्यातील वादळी वाऱ्यात एका बाजूला विटांचा आडोसा करतात. तोंडात लोखंडी जाळी बसवून जळण जमिनीपासून थोडे उचलले तर खालून हवा मिळते आणि फुंकण्याची गरज कमी होते. साठलेली राख रोज काढावी लागते, अन्यथा हवेचा मार्ग बंद होतो. मातीच्या चुलीला पडलेल्या भेगा शेणमातीने वेळोवेळी लिंपतात. धुराड्यातील काजळी नियमित काढली नाही तर धूर उलटा तोंडाकडे येतो. लोखंडी शेगडी पावसाळ्यात कोरडी करून छपराखाली ठेवल्यास गंज कमी चढतो.