बुलढाण्याहून केनिया, नायजेरिया किंवा हजला? बॅग भरण्याआधी लस! ✈️💉

आपल्या जिल्ह्यातून नोकरी, व्यापार, हज-उमऱ्यासाठी परदेशी जाणाऱ्यांनो, तिकीट काढलं की पुढचं काम लसीचं.

🟡 पीतज्वर (यलो फीवर): आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांत आढळतो. लस फक्त सरकारमान्य केंद्रातच घ्या, तिथेच लस घेतल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड मिळतं. ते 10 दिवसांनी लागू होतं आणि 2016 पासून आयुष्यभर चालतं. मुंबईत अशी केंद्रं आहेत. मलकापूर किंवा शेगावहून रेल्वेने जाता येतं, पण आधी वेळ ठरवून घ्या. गरोदर असाल, अंड्याची ॲलर्जी किंवा वय 60 च्या वर असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

❗ या कार्डाविना पीतज्वर असलेल्या देशातून परतल्यास 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. कारण? हा आजार भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे आपल्या डेंग्यूचाच डास, इथे घरोघरी आहे!

🕋 हज-उमरा: मेंदूज्वराची (मेनिंगोकोकल) लस सौदीत पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावीच लागते.

🦟 मलेरिया: आफ्रिकेसाठी प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. परतल्यावरही ठरलेले दिवस पूर्ण करा.

🌡️ परतल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "मी अमुक देशातून आलोय." तेवढ्याने जीव वाचू शकतो.

निघण्याच्या 4 ते 6 आठवडे आधी तयारीला लागा. घरातलं कुणी निघालं असेल, तर त्यांना ही पोस्ट नक्की पाठवा. 🙏