टॅक्सीतली हवा : साथीच्या दिवसांत चालकाने आणि प्रवाशाने काय सांभाळावे

गोव्यात टॅक्सी म्हणजे नुसती पर्यटकांची सोय नव्हे. कित्येक घरे तिच्यावर चालतात. गाडी स्वतःची, कर्ज स्वतःचे आणि चालवणाराही घरचाच. म्हणून २०२० साली कोविड आला तेव्हा टॅक्सी व्यावसायिकांपुढे मोठा पेच होता. गाडी उभी ठेवली तर हप्ता थकतो, बाहेर काढली तर आजार घरी येण्याची भीती. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तरी श्वासातून पसरणारी साथ पुन्हा येणारच नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. त्या काळात टॅक्सीबद्दल जे कळले ते चालकांच्या आणि आपल्यासारख्या प्रवाशांच्याही उपयोगाचे आहे.

टॅक्सीचालकांना धोका आहे हे अगदी सुरुवातीलाच दिसले होते. थायलंडने ३१ जानेवारी २०२० रोजी देशांतर्गत संसर्गाचा पहिला रुग्ण जाहीर केला, तो टॅक्सीचालक होता. चीनला तो गेलेलाच नव्हता. फेब्रुवारीत तैवानमध्ये कोविडने पहिला मृत्यू झाला, तोही भाड्याने गाडी चालवणाऱ्याचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २० एप्रिल २०२० पर्यंतच्या नोंदी तपासल्या तेव्हा कामकरी वयाच्या पुरुषांत लाखामागे ९.९ मृत्यू होते, तर टॅक्सीचालक पुरुषांत ३६.४. या फरकाला एकटा व्यवसायच कारण होता असे नाही, पण आकडा डोळ्यांआड करण्याजोगाही नाही.

कारण साधे आहे. प्रवासी दिवसभरात एका चालकाजवळ बसतो, चालक मात्र दिवसात आठ-दहा अनोळखी माणसांसोबत बसतो. आपण मास्क लावतो तो आपल्यापुरताच, असे प्रवाशाला वाटते. खरे तर त्याचा जास्त उपयोग पुढे बसलेल्या माणसाला होतो. शिवाय ‘मास्क लावा’ असे गिऱ्हाइकाला सांगणे चालकाला जड जाते. भाडे हातचे जाईल ही धास्ती असते. म्हणून ते प्रवाशाने आपणहून केलेले बरे.

आता हवेचे बघू. मोटारीच्या आत जेमतेम तीन-चार घनमीटर हवा असते. काचा बंद असल्या की दोघेही तीच हवा पुन्हापुन्हा घेतात. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकावर मोटारीतल्या हवेचा प्रवाह तपासला आणि डिसेंबर २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे चालक, मागे तिरक्या कोपऱ्यात प्रवासी आणि वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर असे गृहीत धरले होते. चारही काचा खाली असणे सर्वांत चांगले, हे अपेक्षितच होते. दोनच काचा उघडायच्या असतील तर मात्र उत्तर वेगळे निघाले. ज्याने त्याने आपल्या शेजारची काच खाली करावी असे आपल्याला वाटते. पण समोरच्या बाजूची काच उघडणे अधिक चांगले ठरले. आपल्याकडे चालक उजवीकडे असतो, म्हणजे प्रवासी मागे डावीकडे बसला तर पुढची डावी आणि चालकाच्या पाठीमागची उजवी काच खाली करायची. धावत्या गाडीत हवा मागच्या खिडकीतून शिरते आणि पुढच्या खिडकीतून निघते, त्यामुळे दोघांच्या मध्ये वाहत्या हवेचा पडदा तयार होतो. गाडी हळू असली की हा वारा कमी पडतो. पणजीच्या गर्दीत अडकल्यावर चारही काचा उघडलेल्या बऱ्या.

हे सगळे कोरड्या दिवसांचे झाले. जून ते सप्टेंबर गोव्यात काचा उघड्या ठेवून दाबोळीहून पणजीला येऊन दाखवावे! पावसात निदान दोन-तीन बोटे काच खाली ठेवता येते. एसी लावावाच लागला तर त्याचे एक बटण महत्त्वाचे आहे. गाडीच्या चित्रात आतल्या आत वळलेला बाण असेल तर एसी आतलीच हवा फिरवत राहतो. बाहेरून आत येणारा बाण असेल तर ताजी हवा घेतो. गारवा लवकर यावा म्हणून बहुतेक जण पहिला पर्याय चालू करतात आणि तसाच ठेवतात. साथीच्या दिवसांत तो बंद ठेवावा. गारवा थोडा कमी मिळेल, डिझेलही थोडे जास्त जाईल.

पुढच्या आणि मागच्या सीटमध्ये प्लास्टिकचा पडदा लावण्याची तेव्हा लाट आली होती. खोकल्याचे मोठे थेंब तो अडवतो, हे खरे. पण सूक्ष्म कण कडेने, वरून वाट काढतात. शिवाय मागे एसीची जाळी नसलेल्या गाडीत पडद्यामुळे मागच्या माणसाला ताजी हवाच कमी मिळते. पडदा लावून काचा बंद ठेवण्यापेक्षा पडदा नसलेली, पण काचा उघडलेली गाडी मला अधिक पसंत. प्रत्येक भाड्यानंतर दाराच्या कड्या पुसण्याचेही तसेच. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सांगितले की पृष्ठभागाला हात लावून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असते. पुसायला हरकत नाही, हात धुवावेतच. पण पाचच मिनिटे हाताशी असतील तर ती चारही दारे उघडून हवा खेळती करण्यात घालवावीत.

या बाबतीत आपले मोटरसायकल पायलट नशीबवान, त्यांच्या गिऱ्हाइकाला वारा मागावा लागत नाही. फक्त हेल्मेट स्वतःचे आणावे.

प्रवाशाने पुढच्या सीटवर बसू नये, सामान स्वतः डिकीत ठेवावे, शक्य तर पैसे मोबाईलवरून द्यावेत आणि फोनवर मोठमोठ्याने बोलू नये; मोठ्या आवाजात बोलताना तोंडातून कण जास्त बाहेर पडतात. ताप-खोकला असून डॉक्टरांकडे जायचे असेल तर गाडी बोलावतानाच तसे सांगावे, म्हणजे चालक मास्क लावून, काचा उघडून येईल. श्वास लागत असेल तर टॅक्सी शोधण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा. अशा रुग्णाला सोडल्यावर चालकाने गाडी दहा-पंधरा मिनिटे दारे उघडी टाकून उभी ठेवावी, आणि मगच पुढचे भाडे घ्यावे.