नाणे, नियम आणि माणूस

शहादा-तळोद्याकडचे विद्यार्थी मला अलीकडे ‘टोकन’विषयी विचारतात. ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली खातेवही. तिच्यातले नाणे म्हणजे टोकन. त्याचे नियम करताना एक प्रश्न सोडवावा लागतो: दुसरा काय करील याचा अंदाज घेऊन माणूस कसा वागेल? ‘गेम थिअरी’ म्हणतात ती हीच.

हे गणित आपल्या भागाला नवे नाही. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. एकटा सालदार म्हणे, ‘मी अडून बसलो आणि दुसरा कामावर गेला, तर माझी भाकरी गेली.’ हा हिशेब त्याच्यापुरता बरोबर. पण सर्वांनी तोच केला की सर्वांचीच मजुरी पडते. इतरही थांबतील ही खात्री संघटना देते, तेव्हाच हिशेब पालटतो.

टोकनच्या बाजारात अशी खात्री नसली की काय होते, ते मे २०२२ मध्ये दिसले. ‘टेरा’चे नाणे एका डॉलरला बांधलेले होते. ते परत केले की डॉलरभर किमतीचे ‘लुना’ नवे काढून मिळत. लोकांचा विश्वास डळमळला. जो आधी पळेल तो वाचेल, म्हणून सारेच पळाले. लुना भरमसाट निघाले आणि दोन्ही कोसळली.

नाणे काढणाऱ्याच्या हाताला मर्यादा हवी, हा विचार बाबासाहेबांनी १९२३ च्या रुपयावरील प्रबंधात मांडला आहे. १८९३ मध्ये टांकसाळी जनतेला बंद झाल्यावर रुपया हे चांदीपेक्षा अधिक दर्शनी किमतीचे, म्हणजे टोकनच, नाणे झाले. सरकारने ते मर्जीप्रमाणे पाडू नये, त्याच्या संख्येला कायद्याने निश्चित मर्यादा असावी, असे त्यांचे म्हणणे. बिटकॉइनची २ कोटी १० लाखांची मर्यादा याच जातीची आहे.

परंतु मर्यादा म्हणजे न्याय नव्हे. अनेक टोकन-व्यवस्थांत जितकी टोकन तितकी मते असतात. म्हणजे ज्याच्याजवळ अधिक, तोच नियम करणार! १९४९ मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी एक व्यक्ती, एक मूल्य हे तत्त्व सांगितले. ही व्यवस्था नेमकी त्याच्या उलट आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो: नाण्याचा भाव नंतर विचारा. ते काढतो कोण, नियम बदलतो कोण आणि बुडाले तर बुडतो कोण, हे आधी विचारा.