शेवटची दोन बोटं

विळीवर भाजी चिरणाऱ्याची नजर पात्यावरून सहसा हलत नाही. पातं उभं, डोळ्यांसमोर. त्याचा धाक असतो. सोलाण्याचा धाक मात्र कुणालाच वाटत नाही. मालिका बघत, फोन कान आणि खांद्यात दाबून दुधी सोलला जातो. ही बेफिकिरी येते ती सोलाण्याच्या रचनेतूनच.

सोलाणं म्हणजे सुताराचा छोटा रंधा. पात्यात मधोमध लांब फट असते. फटीची पुढची कड भाजीवर नुसती टेकून सरकते आणि मागची धारदार कड साल उचलते. या दोन कडांमध्ये जेवढा उंचसखलपणा, साधारण तेवढ्याच जाडीची साल निघते. फिरत्या पात्याचं सोलाणं दोन टोकांवर डुलतं, म्हणून बटाट्याचा गोलवा आपोआप धरतं. स्वित्झर्लंडमध्ये १९४७ साली आलेलं आडव्या पात्याचं ‘रेक्स’ याच जातीचं. तिथल्या टपाल खात्याने २००४ साली त्याचं चित्र चक्क तिकिटावर छापलं!

पातं खोल जात नाही हे खरं, पण फटीला काकडीची साल आणि बोटाची कातडी सारखीच. सुरीने चीर पडते, तिच्या दोन्ही कडा जुळतात. सोलाण्याने चकती उडते. जुळवायला काही उरत नाही. त्यातून बोटाच्या टोकाला रक्तवाहिन्या दाट, त्यामुळे रक्त लवकर थांबत नाही.

आता दुधी घ्या. तो धुवा आणि पुसून कोरडा करा, हातही कोरडे करा. देठाकडचा भाग मुठीत धरा, दुसरं टोक पाटावर तिरकं टेकवा. मधल्या भागापासून खाली, अंगापासून दूर, हलक्या हाताने सोला. पातं मुठीकडे येत नाही, मुठीपासून लांब जातं. सगळी सुरक्षितता एवढ्यात आहे. खालचा अर्धा भाग झाला की दुधी उलटा करा. आता सोललेली बाजू हातात येते आणि ती बुळबुळीत असते, म्हणून तिथे कोरडं फडकं गुंडाळून धरा. गाजर, काकडी, मुळा यांचंही असंच.

पुष्कळ जणी बटाटा हातात धरून अंगठ्याच्या दिशेने सोलतात. वर्षानुवर्षांची सवय असते, हात चुकत नाही. नवशिक्याने त्यांची नक्कल करू नये. बटाट्याची एक चकती कापून सपाट बूड करावं आणि तो पाटावर ठेवून वरून खाली सोलावा.

खरी गडबड होते ती तुकडा संपत आल्यावर. दोन बोटं गाजर उरतं, तेही सोलायचा हट्ट असतो, आणि धरायला जागा उरलेली नसते. एक तर त्यात काटा खुपसून धरा, नाहीतर तो तुकडा धुवून सालासकट तोंडात टाका. मी दुसरा मार्ग पत्करते.

सगळ्याच भाज्या सोलाण्याच्या नसतात. लाल भोपळ्याची टणक साल त्याला पेलत नाही; आधी फोडी करून पाटावर सुरीने काढावी. अळकुडी उकडली की साल हातानेच निघते. सुरणातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी हात खाजतो म्हणून आपण तेल चोळतो, आणि तेलकट हातात सोलाणं टिकत नाही. तिथे हातमोजे बरे.

पात्यात साल अडकली तर बोटाने ओढू नका. जुना टूथब्रश घेऊन पाठीमागच्या बाजूने घासा, धुतानाही तोच वापरा. पुष्कळ फिरत्या पात्यांना दोन्ही कडांना धार असते, हे विसरायला होतं.

तरी लागलंच तर वाहत्या पाण्याखाली बोट धुवा, स्वच्छ कापडाने दहा मिनिटं घट्ट दाबा आणि हात वर धरा. मध्येच उघडून बघायचं नाही. हळद किंवा कॉफी भरू नका. डॉक्टरांना आधी तीच धुवून काढावी लागते. दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबलं नाही, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, तेही आठवून ठेवा.

धार गेलेलं सोलाणं जास्त वाईट: जोर लावावा लागतो आणि ते सटकतं. साल लांब न निघता तिचे तुकडे पडू लागले की ते बदला. टाकताना पातं जाड कागदात गुंडाळून वर चिकटपट्टी लावा. आपला कचरा पुढे कुणीतरी हातानेच निवडत असतं.