दंडाविना नियमन : न्यायमूर्ती सावंत आणि वृत्तपत्र परिषद

नियामक संस्थेच्या हाती दंड नसेल तर तिचा धाक कोणाला? न्यायमूर्ती परशुराम बाबाराम सावंत १९९५ ते २००१ या काळात ज्या भारतीय वृत्तपत्र परिषदेचे, म्हणजेच प्रेस कौन्सिलचे, अध्यक्ष होते, तिच्याबाबत हा प्रश्न हटकून निघतो. १९७८ च्या अधिनियमान्वये परिषद वृत्तपत्रास ताकीद देऊ शकते, त्याची निर्भर्त्सना करू शकते. दंड एक रुपयाचाही करू शकत नाही.

सावंत मूळचे मुंबईतील वकील. १९७३ मध्ये ते उच्च न्यायालयाचे व १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दिल्ली परिवहन महामंडळास कारण न देता केवळ नोटिशीवर कायम कामगारास काढता येईल, असा नियम होता. १९९० मध्ये तो रद्द ठरविणाऱ्या बहुमतात सावंत होते. फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांचे नियमन सरकारहून स्वतंत्र अशा प्राधिकरणाने करावे, असे त्यांनी लिहिले. त्याच वर्षी त्यांच्याकडे जी संस्था आली तिचा अधिकार मात्र मुद्रित वृत्तपत्रांपुरताच होता, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

परिषदेचे खरे बळ सुनावणीत आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकल्यावाचून तिला ठपका ठेवता येत नाही. साक्षीदारास बोलावता येते. पण बातमीचा उगम सांगण्याची सक्ती पत्रकारावर करता येत नाही. चौकशीचा तपशील वृत्तपत्राच्या नावानिशी छापण्यास सांगता येते, आणि ज्याचा व्यवसायच विश्वासावर चालतो त्याला हे पुरेसे झोंबते.

समजा, चाकण परिसरातील एखाद्या ग्रामसभेने उद्योगासाठी जमीन देण्यास नकार दिला आणि दैनिकात मात्र संमती दिल्याचे छापून आले. अशा वेळी सरपंचाने प्रथम संपादकास लेखी कळवून चूक निदर्शनास आणावी. दाद न मिळाल्यास परिषदेकडे तक्रार करावी. दैनिक वा साप्ताहिकाबाबत त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे, इतर नियतकालिकांबाबत चार महिन्यांची. वाट उलट दिशेनेही खुली आहे. इंद्रायणीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची बातमी दिली म्हणून एखाद्या छोट्या साप्ताहिकावर अधिकाऱ्यांनी दडपण आणले, तर त्याचा संपादकही परिषदेकडे जाऊ शकतो. शासनासह कोणत्याही प्राधिकाऱ्याच्या वर्तनावर अभिप्राय नोंदविण्याची मुभा कायद्याने परिषदेला दिली आहे.